आपल्यासाठी नसलेले कार्यक्रम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं अंगण या सभागृहापासून चालत पाच मिनिटांवर आहे. माझं अर्धं शिक्षण शाळेत झालं आणि अर्धं त्या अंगणात. म्हणून संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी लगेच टेलिव्हिजन म्हणून सांगितलं. वाचनाचं वेड असलेल्या माणसाच्या नावाने होणारं व्याख्यान आणि विषय टीव्ही, हे काहींना खटकलं असेल. पण आमच्या पिढीपर्यंत पुस्तकंसुद्धा कितीदा तरी त्या पेटीतूनच पोचली. चिं. वि. जोशींचा चिमणराव मी आधी दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्याने ओळखला. पुस्तक मग इथल्याच ग्रंथालयातून नेलं. ताम्हनकरांच्या 'गोट्या'चंही तेच झालं.

गुरुजींनी टीव्ही आणला तो १९७९च्या दिवाळीत. मी चौथीत होते. सरकत्या दाराची लाकडी पेटी, दाराला कुलूप, वर काकींनी भरतकाम केलेला रुमाल, शेजारी सारखा खट् खट् करणारा स्टॅबिलायझर. टीव्हीचा परवाना तेव्हा पोस्टात काढावा लागायचा, रेडिओसारखाच. छपरावर लोखंडी पाइप आणि पाइपावर अँटेना, तोंड सिंहगडाकडे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे पुण्याच्या बाजूला ते पोचवण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि भीमाकाठच्या आमच्या गावाला त्या मनोऱ्याच्या अगदी टोकाचं, दमून आलेलं चित्र मिळायचं. वारा सुटला की एक मुलगा छपरावर, एक दारात आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आवाज आला, चित्र गेलं!" "आता?" "थांब, थांब, तिथंच धर!" छपरावरच्या पोराने पाइप धरून ठेवायचा आणि खाली 'छायागीत' चालू राहायचं. त्याला त्यातलं फक्त ऐकू यायचं. गुरुवारी पाइप कोणी धरायचा याच्या पाळ्या गुरुजींनी वहीत लिहून ठेवल्या होत्या.

पहिला आठवडाभर टीव्ही आतल्या खोलीत होता. पहिल्या संध्याकाळी आम्ही गल्लीतली मुलं आत सतरंजीवर बसलो. उंबऱ्यात बायका. आणि खिडकीबाहेर, गज धरून, खालच्या वस्तीवरची मुलं. कुणी कुणाला आत ये म्हटलं नव्हतं, बाहेर थांब असंही म्हटलं नव्हतं. जागा आधीच ठरलेल्या होत्या. टीव्ही आमच्या गावात नवा होता, त्या जागा नव्हत्या. मी नऊ वर्षांची होते, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. गुरुजींना दिसलं असावं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चौघांना हाताशी घेऊन टीव्ही उचलला आणि ओट्यावर आणून ठेवला, तोंड अंगणाकडे करून. पावसाळ्यासाठी वर पत्रा टाकला. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून आत कुणीच नव्हतं आणि खिडकीही कुणाला धरावी लागली नाही.

मला आज जे म्हणायचं आहे ते या अंगणातूनच सुचलेलं आहे. टीव्हीने पिढी घडवली असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या आवडत्या कार्यक्रमांची नावं घेतो: 'गजरा', 'चिमणराव', 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'. शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी. या आठवणींचा मोह मलाही आहे. पण मागे वळून पाहताना मला वाटतं, आम्हाला घडवलं ते आवडत्या कार्यक्रमांनी कमी आणि जे कार्यक्रम आमच्यासाठी नव्हतेच त्यांनी जास्त. वाहिनी एक. वेळ संध्याकाळचे काही तास. आपल्या आवडीचं लागेपर्यंत जे लागेल ते बघत बसायचं. त्यामुळे आम्ही मुलांनी 'कामगार विश्व' पाहिलं. मुंबईच्या गुजराती मुलांसाठीची 'संताकुकडी' पाहिली आणि 'केम छो'च्या पलीकडचं थोडं गुजराती या कोरडवाहू गावात शिकलो. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये कवी, नाटककार, चित्रकार शांतपणे, एकमेकांचं बोलणं न तोडता बोलत असायचे. त्यातलं मला चाराणे कळत नव्हतं. पण माणसं अशीही बोलतात, एखाद्या ओळीबद्दल अर्धा तास बोलतात, हे कळलं. आमच्या घरात अर्धा तास बोलणं व्हायचं ते फक्त बांधावरून.

याची दुसरी बाजू मला पुण्याला कॉलेजात गेल्यावर दिसली. वसतिगृहातली माझी सोबतीण दादरची. आयुष्यात तिने शेतात पाय टाकला नव्हता. पण मावा, तुडतुडे, करपा, ठिबक हे सगळे शब्द तिला येत होते, कारण ती 'आमची माती आमची माणसं' बघत मोठी झाली होती. बघायचं म्हणून नव्हे, त्याच्यापुढे काहीतरी लागायचं म्हणून. सुट्टीत ती आमच्या घरी आली तेव्हा वडिलांना तिने विचारलं, "काका, यंदा उसाला पाणी पुरलं का?" हा प्रश्न विचारणारी मुंबईची मुलगी मला त्यानंतर फारशी भेटली नाही.

हे आपोआप झालं असं मात्र कुणी समजू नये. भारतात टेलिव्हिजन आणताना त्यामागे एक विचार होता. विक्रम साराभाईंचं म्हणणं होतं की उपग्रहाच्या मदतीने टीव्ही आधी खेड्यात जायला हवा. ते १९७१च्या डिसेंबरात गेले, पण त्यांच्या कल्पनेतून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या त्या खेड्यांत उभ्या होत्या. वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्याकडे आलं ते मुंबईहून, मनोऱ्यामनोऱ्यांनी, शहराच्या पोटातून. तरीही मुंबई दूरदर्शनच्या वरळीच्या इमारतीतल्या लोकांनी गाव डोळ्यांपुढे ठेवलं. 'ज्ञानदीप' पाहणाऱ्यांनी तर ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. पाहून झालेल्या गोष्टीवर बसून बोलायचं, जमलं तर त्यातलं काही करायचं, असा तो उद्योग.

आणि सगळा महाराष्ट्र आमच्यासारखा भाग्यवान होता असंही नाही. माझा मावसभाऊ मराठवाड्यातला. १९८२मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, मग दोनेक वर्षांत देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. ही केंद्रं स्वतःचं काही दाखवू शकत नव्हती, दिल्लीहून आलेलं पुढे सोडायची. त्यामुळे भावाच्या गावात टीव्ही पोचला तो हिंदी बोलतच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला की मी 'गजरा'मधल्या नकला करायचे आणि तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याला 'हम लोग' पाठ होतं: बडकी, छुटकी, लल्लू, आणि शेवटी येणारे अशोककुमार. एकाच राज्यात, एकाच वयाच्या आम्हा दोघांचं बालपण दोन भाषांत झालं. तो आज सहज, सफाईने हिंदी बोलतो. मराठी नाटक म्हटलं की त्याला परकं वाटतं. मुंबईच्या मराठी टीव्हीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा अर्धा महाराष्ट्र विसरू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझंही एक देणं आहे, ते कबूल करते. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे ही मंडळी ज्या मराठीत बातम्या सांगायची ती ऐकत माझा कान तयार झाला. 'णी' आणि 'नी' वेगळे काढायला मी तिथे शिकले. आज मी तुमच्यापुढे उभी राहून बोलते आहे ती मराठी बरीचशी त्यांची आहे. पण सहावीत असताना मी आजीला सुधारायला लागले. ती 'व्हतं' म्हणाली की मी 'होतं' म्हणायचे. ती 'आन् मंग' म्हणाली की मी हसायचे. एक दिवस तिने बोलणंच कमी केलं, निदान माझ्यासमोर तरी. टीव्हीने मला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. पण आजीसारखं बोलणारं माणूस बातम्या सांगताना मी कधी पाहिलं असतं, तर मी हसले नसते.

आजीबद्दल अजून सांगायचं आहे, कारण 'रामायणा'बद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही.

२५ जानेवारी १९८७ रोजी पहिला भाग लागला. मी अकरावीत होते. रविवारी सकाळी साडेनऊला अंगण सडा घालून तयार. टीव्हीला हळदकुंकू, हार, रस्त्यावर शुकशुकाट, हे सगळं तुम्ही अनेकदा ऐकलं आहे. आजीसाठी पुढे पाट ठेवलेला असायचा. ती बघायची, हात जोडायची, पण दर रविवारी उठताना तिचा चेहरा काहीतरी राहून गेल्यासारखा असायचा. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आजून शीता कुठं आली?" मी म्हटलं, अगं, स्वयंवर झालं, वनवास झाला, रावणाने नेलं. ती म्हणाली, "ती न्हवं."

मला कळायला वेळ लागला. आजीची सीता जात्यावरच्या ओव्यांतली होती. ती रामाने टाकल्यापासून सुरू होते. रानात एकटी बाळंत होणारी, आपलं दुःख दुसऱ्या सासुरवाशिणीला सांगणारी. रामाला बोल लावणाऱ्या ओव्याही आजीकडे होत्या आणि त्या म्हणताना तिची रामावरची भक्ती कमी होत नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना मला जागोजाग आजी भेटते. त्याआधी १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं, ५६ गाणी, तेव्हाही राम आला तो आवाज होऊन. गदिमांचे शब्द, बाबूजींचा स्वर, चेहरा मात्र ज्याने त्याने आपल्या मनाचा द्यायचा. माझ्या वडिलांच्या रामाचा चेहरा त्यांच्या थोरल्या भावासारखा होता, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

टीव्हीने रामाला एक चेहरा दिला आणि तोच चेहरा एका सकाळी सगळ्या देशाला दिला. तो किती देखणा आणि शांत होता हे मी नाकारत नाही. त्या सकाळी अंगणात दाटून यायचं तसं मला पुन्हा कुठे दाटून आलेलं नाही. पण एका चेहऱ्याने किती चेहरे पुसले, हाही हिशेब मांडायला हवा. अरविंद राजगोपाल यांनी त्यांच्या २००१मधल्या पुस्तकात ही मालिका आणि तिच्या पाठोपाठचं रामजन्मभूमीचं राजकारण यांचा संबंध तपासला आहे. मालिकेने राजकारण घडवलं असं सरळसोट कुणी म्हणू नये. पण एकाच वेळी एकच चित्र पाहण्याची सवय देशाला लागली, ती पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडली, एवढं मला पटतं.

३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेक होऊन मालिका संपली. आजी म्हणाली, "खरं तर आता सुरू व्हायचं." गंमत बघा, तिला ठाऊकही नव्हतं, पण त्याच सुमाराला उत्तरेतल्या शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी कथा पुढे चालू ठेवा म्हणून संप केला. त्यांना त्यांचे वाल्मीकी पडद्यावर हवे होते. आणि मग लव-कुशांची कथा खरोखरच आली. आजीने तीही पाहिली. तिची सीता तिला तिथे भेटली का, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं. जातं तर आमच्या घरातून पिठाच्या गिरणीने त्याच्या कितीतरी आधीच उचललं होतं, त्याचा दोष टीव्हीवर टाकता येणार नाही.

एकच वाहिनी म्हणजे एकच मालक, हेही त्या काळाचं सत्य होतं आणि मालक सरकार होतं. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची मोठी सभा होती, तर लोक घरी राहावेत म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर 'बॉबी' दाखवला गेला. लोक तरीही सभेला गेले. दूरदर्शनला कायद्याने स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९०मध्ये झाला आणि लागू व्हायला १९९७ उजाडलं. तोवर प्रेक्षक दुसरीकडे गेलेला होता. त्यामुळे त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांत मला बसवू नका.

पण त्याच सरकारी वाहिनीवर १९८८च्या जानेवारीत 'तमस' लागली. भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः बसून ती पाहिली आणि ती लोकांनी पाहिली पाहिजे असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. रात्री उशिरा लागायची. अंगणात तेव्हा दहा-बाराच माणसं असायची, घोंगड्या पांघरून. आमच्या गावात फाळणीने कुणाचं काही गेलं नव्हतं. ती आमची गोष्टच नव्हती. तिसऱ्या रात्री गावातले एक वयस्क मुसलमान चाचा, जे रोज यायचे, ते आले नाहीत. गुरुजी उठले, त्यांच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन आले. टीव्ही चालूच होता. आम्ही त्या दोघांसाठी सरकून जागा केली. कुणी काही बोललं नाही.

रविवारी दुपारचे प्रादेशिक सिनेमेही असेच. मल्याळम, बंगाली, असमिया, कन्नड. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती आमच्यातल्या कुणालाच धड वाचता येत नसत. अर्धं अंगण झोपायचं. जे जागे राहिले त्यांनी भाषेवाचून माणसं वाचायला शिकून घेतलं. एका मल्याळम सिनेमातली म्हातारी चूल फुंकताना हुबेहूब काकींसारखी मान वाकडी करायची, तेवढ्याने अंगण खदखदून हसलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९९२च्या २ ऑक्टोबरला झी आलं, १९९९मध्ये अल्फा मराठी. केबलने बरंच चांगलंही केलं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या पाच राज्यांतल्या खेड्यांचा अभ्यास केला, त्यांत गोवाही होतं. केबल आल्यावर नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, असं त्यांना आढळलं. मालिकांना नाकं मुरडणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून विचार करावा लागला. घरोघर टीव्ही झाले, ही तर चांगलीच गोष्ट. खालच्या वस्तीवरच्या मुलांना स्वतःचा पडदा मिळाला, कुणाच्या ओट्याची गरज उरली नाही. फक्त प्रत्येकाला आपापलं मिळायला लागलं तेव्हा दुसऱ्याचं दिसायचं बंद झालं. गुरुजींचा टीव्ही पुन्हा आत गेला. पाइप अजून आहे, काकी त्यावर वाळवणाची दोरी बांधतात.

त्या अंगणातली एक दुपार सांगते आणि थांबते.

रविवारी सिनेमाच्या आधी कर्णबधिरांसाठी बातम्या लागायच्या. एका चौकटीतल्या बाई हातांनी बातम्या सांगायच्या. आम्ही तेवढ्यात पाणी पिऊन यायचो, मुलं त्या हातांच्या नकला करून हसायची. गावात सुताराचा एक मुलगा होता, जन्मापासून ऐकू न येणारा. त्याला अंगणात कुणी बोलावलं नव्हतं, त्याला काय कळणार म्हणून. एका रविवारी गुरुजींनी त्याला आणवलं आणि पुढे आजीच्या पाटावर बसवलं. त्याला ती खुणांची भाषा कुणी शिकवलेली नव्हती, त्यामुळे बातम्या काही त्याला कळल्या नसणार. पण बाईंचे हात सुरू झाले आणि तो गुडघ्यांवर उठला. मागे वळून त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघत राहिला.

मुलं नेहमीसारखी हसणार, तेवढ्यात गुरुजी पुढे झाले आणि त्यांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. टीव्ही मुका झाला. बातम्या संपेपर्यंत सगळं अंगण तसंच, त्याच्यासारखं बघत बसलं.